तेलाच्या घरचा ब्रेक

“ताराचंदकाका, तुमाले हा ब्रेक बसवता येत नाई, का तुमाले बसवाचाच नाई?”

प्रश्न विचारला रक्षानं, पण शिजवला होता तिघींनी मिळून. शाळा सुटल्यावर प्रेरणा आणि दिपाली या तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. हायवेवरच्या गॅरेजात, भर दुपारी, ट्रकवाले चहा पीत बसलेले असताना ताराचंद मिस्त्रीला हे तोंडावर विचारून दाखव. विचारलं तर तर्रीपोहे आमच्याकडून. नाही विचारलं तर दिवाळीपर्यंत आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर. दप्तरं वाहायला रक्षाची काही हरकत नव्हती. हरकत होती ती हरायला.

मागच्या वर्षीपर्यंत ही पोरगी अशी नव्हती. बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पोत्यांमागं जायची. वर्गात नाव पुकारलं तर ‘हजर’ एवढंच, तेही पुढच्या बाकापर्यंत जेमतेम पोचेल असं. मग यंदा पंधरा ऑगस्टला ऐन वेळी माइक बंद पडला, सर लोक वायरी हलवत बसले, आणि रक्षानं माइक बाजूला सारून झेंडागीत आपल्या एकटीच्या गळ्यावर शेवटपर्यंत नेलं. पार भिंतीजवळच्या रांगेतून टाळ्या आल्या. आपल्याला आवाज आहे हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळल्यापासून तो वापरल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

ताराचंद मिस्त्री काळ्या बुलेटच्या टाकीवर पॉलिश घासत होता. त्याचं फडकं थांबलं. बाकड्यावरच्या ड्रायव्हरांचे ग्लासही अर्ध्यात थांबले.

“कोणाची पोट्टी होय वं हे?” एकानं विचारलं.

“भूपेंद्रभाऊची. तेलाच्या दुकानवाल्याची,” ताराचंद म्हणाला आणि मग तिच्याकडे वळला. “हे पाय बाई, तुहे आबाजी होते तवापासून या गाडीले माहाच हात लागून राह्यला. दरसाल मी ब्रेकची वायर आवळतो, दरसाल तो पुन्हा मऊ पडते. म्हातारी झाली गाडी. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यात जोर राह्यते काय?”

“म्हातारी झाली म्हून तिले सिमेंटात गाडाचं?”

“मी कुठी गाडून राह्यलो? गजेंद्रसेठ गाडून राह्यले. मले पॉलिश सांगतली, मी पॉलिश करून राह्यलो.”

गोष्ट खरी होती. गजेंद्रसेठचा ढाबा कारंज्याबाहेर, नागपूर-अमरावती रस्त्यावर. दसऱ्याला त्याच्या मागच्या बागेचं उद्घाटन होतं आणि त्या बागेत त्याला एक जुनी बुलेट हवी होती, चालवायला नव्हे, उभी करायला. इंजिन काढायचं, चाकं सिमेंटच्या ओट्यात पक्की करायची, वरून दिव्यांची माळ सोडायची, म्हणजे येणारे-जाणारे तिच्यावर बसून फोटो काढतील. रक्षाच्या बाबांनी आपली बुलेट द्यायला हो म्हटलं होतं.

“अन् ब्रेक लागला तर?” रक्षानं विचारलं.

“लागला तर मी गावभर सांगन, भूपेंद्रभाऊची पोट्टी मिस्त्री झाली म्हून. घेऊन जाय! दसऱ्याच्या सकाळी सेठचा टेम्पो येते. तवरक बसव तुहा ब्रेक.”

तो हे ड्रायव्हरांना हसवायला म्हणाला होता. ते हसलेही. पण हसणं पुरतं ओसरायच्या आत रक्षानं गाडी स्टँडवरून उतरवली होती. हँडलला ती, मागून ढकलायला दोघी. वाटेत चप्पल तुटली ती दिपालीची आणि ओरडली ती प्रेरणा, “लय जड आहे वं तुही म्हातारी!”

“म्हातारी नको म्हणू तिले,” रक्षा म्हणाली. “ऐकू येते तिले.”

या गाडीच्या टाकीवर बसून रक्षा लहानाची मोठी झाली होती. तिचे आबाजी, बंडूजी, म्हणजे कारंज्यातलं तेलाचं घर. आधी त्यांची लाकडी घाणी होती, मग यंत्राचा घाणा आला, आणि आता त्याच जागी बाबांचं किराणा-तेलाचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत तो घाणा अजून चालतो. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस. आबाजी तेलाचे डबे मागं बांधून आर्वी, आष्टी, तळेगाव असा सगळा मुलूख या बुलेटवर फिरायचे. नात पुढं टाकीवर. ते गेले आणि गाडी बाबांची झाली.

बाबांनी ती चालवलीसुद्धा, यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मग तळेगावच्या बाजारात झालं ते झालं. एक शेळी आडवी आली. बाबांनी पुढचा ब्रेक दाबला आणि ब्रेकची मूठ दुधात भिजलेल्या पावासारखी दबत दबत हँडलला जाऊन टेकली. मागच्या ब्रेकनं वेग तेवढा कमी झाला, पण गाडी थांबली नाही. गाडी अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, संत्र्यांच्या ढिगात शिरली. कोणाला खरचटलंही नाही. शेळी तर लगेच संत्री खायला लागली. पण आख्खा बाजार गोळा झाला आणि कोणीतरी ओरडलं, “भूपेंद्रभाऊ, तेल सोडून रसाची गाडी लावली काय?”

ते ‘रसाची गाडी’ बाबांच्या मागं कारंज्यापर्यंत आलं. दुकानात, लग्नात, सलूनमध्ये. त्या दिवसापासून बाबांनी बुलेटला हात लावला नाही.

म्हणून तिघी पोरी गाडी ढकलत दारात आल्या तेव्हा बाबा गल्ला सोडून बाहेरच आले.

“हे काय? पॉलिश झाली काय?”

“नाई झाली. ब्रेक व्हाचा आहे.”

“तुले कोण सांगतलं ब्रेक कराले?”

“ताराचंदकाकानं. ते म्हणते, बसव तुहा ब्रेक.”

“मस्करी केली असन त्यानं, रक्षे.”

“मी नाई करून राह्यली मस्करी.” तिनं गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली नेऊन उभी केली. “बाबा, ब्रेक बसला तर गाडी ढाब्यावर जाणार नाई. बोला.”

“असं कुठी ठरलं?”

“आत्ता ठरलं.”

“सेठले शब्द देऊन बसलो मी. अन् ब्रेक बसला तरी चालवणार कोण? मी त्या गाडीवर पुन्हा बसत नाई.” बाबा दुकानात परत गेले, पण उंबऱ्यावरून म्हणाले, “दहावी आहे तुही यंदा, हे ध्यानात ठेवजो.”

दारात रक्षाची आई, सरिता, हातातली चाळणी तशीच धरून उभी होती. तिनं एक जुनी चादर आणून गाडीखाली अंथरली, खिळे-नट हरवू नयेत म्हणून. रक्षाच्या दृष्टीनं तो अर्धा होकार होता.

दसऱ्याआधीच्या त्या दिवसांत शाळा सुटली की तिघी अंगणात. फोनवरच्या व्हिडिओंत परदेशातले पांढऱ्या दाढीचे म्हातारे आपापल्या जुन्या गाड्या खोलून दाखवायचे. ते काय बोलायचे ते निम्मं कळायचं नाही, पण हात काय करतात ते कळायचं. घरातली पान्यांची पेटी घाण्याची होती, तिच्यावर भागलं.

पहिला दोष सापडला वायरमध्ये. प्रेरणा मूठ दाबायची आणि रक्षा गाडीच्या दिव्यापाशी डोळे लावून बसायची. मूठ दाबली की आतली तार ओढली जायच्या ऐवजी वरची नळीच वळवळून वाकायची. एका जागी ती मोडून मऊ झाली होती. हाताचा सगळा जोर नळी वाकवण्यात जात होता, चाकापर्यंत काय पोचणार? बाजारातून नवी वायर आली, बसली. मूठ बरीच सुधारली. दिपालीनं मूठ दाबून धरली आणि दोघींनी गाडी ढकलली.

गाडी मजेत पुढं गेली. दिपालीसकट.

“अवं, मी दाबूनच राह्यली आहे ना!” दिपाली ओरडली.

“मंग वायर नाई फक्त,” रक्षा म्हणाली. “चाकात काईतरी आहे. चाक उघडा.”

चाक उघडायचं म्हटल्यावर प्रेरणा जरा गडबडली. “पुन्हा बसलं नाई तं?”

“नाई बसलं तं सिमेंटातच जाणार आहे ना? मंग भ्याचं कायले?”

इंजिनाखाली विटा लावल्या, पुढचं चाक निघालं. त्याच्या मधोमध पातेल्यासारखा पोकळ भाग असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत अर्ध्या चंद्रासारखे दोन शू. मूठ दाबली की हे शू फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक अडतं. घासायचं म्हणजे खरखरीत हवेत. नववीत घर्षणाचा धडा झाला होता, त्यात रक्षाला फार काही कळलं नव्हतं. आता मात्र एका नजरेत कळलं. कारण शू खरखरीत नव्हतेच. ते चमकत होते. पिवळसर, काचेसारखे, वार्निश मारलेल्या पाटासारखे.

तिनं नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला. नाकाशी नेला.

हातातला पाना तिनं खाली ठेवला.

हा वास तिला नीट ठाऊक होता. दर रविवारी दुकानातली फळी खरवडायचं काम तिचं. शेंगदाण्याचं तेल सांडलं तर पुसता येतं, करडईचंही येतं. पण जवसाच्या डब्याखाली जो ओघळ राहतो तो वाळून पापुद्रा धरतो, पिवळा, कडक, चिवट, आणि मग तो पत्तीनं खरवडावा लागतो. तोच पापुद्रा. तोच वास. कारंज्याच्या तेलाच्या घरातल्या पोरीनं हा वास झोपेतही ओळखला असता.

“जवस,” ती म्हणाली.

“काय जवस?” दिपालीनं विचारलं.

“चाकात जवसाचं तेल आहे.”

“ब्रेकात तेल कोण घालन वं? येडं आहे काय कोणी?”

रक्षा उठून थेट स्वयंपाकघरात गेली.

“आई, दसऱ्याले बाबा गाडीले कोणतं तेल लावते?”

“जवसाचं. नव्या जवसाचं, मुद्दाम ठेवलेलं. तुले मायीत नाई काय?”

“अन् कुठी लावते?”

“बेंबीत,” आई सहज म्हणाली. “चाकाच्या बेंबीत.”

या घरची ती रीत होती आणि फक्त याच घरची. तान्ह्या लेकराला न्हाऊ घातलं की बेंबीत तेलाचं बोट लावतात, तसं आबाजी दसऱ्याला गाडीला न्हाऊ घालायचे, कुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे आणि मग पुढच्या चाकाच्या मधोमध, जिथं ब्रेकचा दांडा आत जातो त्या खळग्यात, वाटीतलं तेल हळूहळू सोडायचे. आत जिरेपर्यंत. तेलाच्या घरानं गाडीला तेल नाही द्यायचं तर कोणी द्यायचं? तेल जितकं आत जिरेल तितकं वरीस चांगलं, असं ते म्हणायचे. आणि ही वाटी दुसऱ्या कोणाच्या हातात जायची नाही. ज्याची गाडी, त्यानंच तेल सोडायचं. शेवटच्या दसऱ्याला आबाजींनी खाटेवरून वाटी बाबांच्या हातात दिली, आणि त्या दिवशी गाडी बाबांची झाली. कागदावर नाव चढायला पुढं कित्येक महिने लागले, ते वेगळं.

आईच्या हळूहळू लक्षात आलं. तिनं पदर तोंडाशी नेला, खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मग एकदम थांबली.

“रक्षे, बाबाले नको सांगू.”

“काऊन?”

“त्यायच्या बापाची रीत होय ते. बाप गेल्यावर माणूस बाकी सगळं विसरला, एवढं एक नाई विसरला. त्यायले कसं सांगशीन, का तुमी दरसाल ब्रेकले तेल पाजून राह्यले म्हून?”

“मंग नाई सांगतलं तं ते पुन्हा पाजन ना! नवे शू टाकले तरी दसऱ्याले पुन्हा तेल. पुन्हा संत्रे.”

“पाय बाई तू,” एवढंच आई म्हणाली. रक्षाच्या दृष्टीनं आता पाऊण होकार झाला होता.

तेल मुरलेले शू स्वच्छ होत नाहीत, हे फोनमधल्या सगळ्या दाढीवाल्यांचं एकमत होतं. नवे शू ताराचंदच्या गॅरेजात होते. देताना तो म्हणाला, “चाक उघडलं वाटते? मंग, काय निंगालं आत? उंदीर?”

“दसऱ्याले या, दाखवतो,” रक्षा म्हणाली.

ड्रम घासूनपुसून कोरडा केला, नवे शू बसवले, चाक चढवलं, नट आवळला. मोठ्या आनंदानं मूठ दाबली.

मऊ. आधीइतकी नाही, पण मऊच. थोडी अडते, मग दबत जाते. चाक फिरवलं की एका बाजूनं खस्स आवाज, दुसऱ्या बाजूनं काही नाही. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. दसरा उद्यावर आला होता. प्रेरणाच्या आईनं तिला दोनदा हाक मारून नेलं होतं, दिपालीच्या नव्या कुर्त्यावर ग्रीस लागलं होतं आणि तिनं तो कुर्ता उलटा घालून काम चालू ठेवलं होतं. रक्षानं पाना चादरीवर आपटला.

बाबा दुकानातून घरात चालले होते. त्या दिवसांत ते अंगणाकडे बघायचेच नाहीत, म्हणजे बघत नाही असं दाखवायचे.

“पाना कायले आपटतं?” ते न थांबता म्हणाले. “घाण्याचा पाना होय तो.”

“बसूनच नाई राह्यलं हे! किती आवळलं तरी एका बाजूले जाते.”

“आधी आवळलं असन. घाण्याच्या फिरत्या पाट्याले आम्ही आधी आवळतो काय? आधी ढिला ठेवाचा, फिरवाचा, त्यानं आपली जागा धरली का मंग आवळाचा. आपल्या मनानं आवळला तर तो वाकडाच राह्यते.” एवढं बोलून बाबा आत गेले आणि आतून ओरडले, “जेवाले या!”

रक्षा जेवायला गेली नाही. तिनं मधला नट ढिला केला. चाक जोरात फिरवलं आणि फिरत्या चाकावर मूठ गच्च दाबली. आतले दोन्ही शू फाकले, ड्रमला दोन्हीकडून सारखे भिडले, आणि बरोबर मध्यावर आले. त्यांनी आपली जागा धरली.

“दाबून धर, दिपे! सोडू नको! प्रेरणा, आवळ आता, आवळ!”

मूठ दाबलेलीच ठेवून नट आवळला. मग सोडली. चाक फिरवलं. एकसारखा, बारीक, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज. रक्षानं दोन बोटांनी मूठ ओढली.

मूठ थोडी आली आणि थांबली. दगडासारखी. चाक जागच्या जागी.

तिघी इतक्या जोरात किंचाळल्या की समोरच्या घरातून कोणीतरी विचारलं, “साप निंगाला काय?”

दसऱ्याच्या सकाळी टेम्पो आला. पुढं झेंडूच्या माळा, आत गजेंद्रसेठ, नवा कडक कुर्ता, हातात मिठाईचा डबा. ताराचंद मिस्त्रीही आला होता. सोनं द्यायला आलो म्हणाला, पण हातात आपट्याची पानं नव्हती. प्रेरणा आणि दिपाली तर्रीपोह्यांची पुडकी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, कारण पैज ती पैज.

“चला भूपेंद्रभाऊ,” गजेंद्रसेठ म्हणाला, “चढवू गाडी. बारा वाजता पाहुणे येते.”

“सेठ, थांबा,” रक्षा मधे आली. “आधी बाबानं ब्रेक पाह्यला पायजे.”

“ब्रेक?” सेठ हसला. “पोरी, मी ब्रेकचं काय लोणचं घालू? माही गाडी तर सिमेंटातून हलणारच नाई. माह्याएवढा पक्का ब्रेक कोणाचा आहे काय?”

टेम्पोवाला हसला. ताराचंदही हसला. पण रक्षा सेठकडे बघतच नव्हती. तिनं किल्ली बाबांपुढं धरली.

“एकदा, बाबा. उतारावरून. फक्त पुढचा दाबाचा.”

“मी सांगतलं होतं, मी बसत नाई म्हून.”

“हाव. सांगतलं होतं. अन् मी ऐकलं नाई.” तिनं हात खाली घेतला नाही. “त्या दिवशी तुमी नाई चुकले, बाबा. तुमी ब्रेक दाबला होता. ब्रेक नव्हताच. तुमाले काऊन लाज?”

बाबांनी किल्ली घेतली, ती तिच्याकडून सुटका व्हावी म्हणूनच जास्त. किक मारली. कित्येक महिन्यांनी काळी बुलेट त्या गल्लीत बोलली, आणि शेजारपाजारचे दारात आले. त्यातल्या कोणाच्या तरी ओठावर ‘रसाची गाडी’ असणारच, हे बाबांच्या मानेवर लिहिलेलं दिसत होतं.

घरासमोरची गल्ली मारुतीच्या देवळापर्यंत उतरत जाते. देवळापाशी त्या दिवशी झेंडूची आणि आपट्याच्या पानांची हातगाडी, तिच्याभोवती बाया. बाबा वरच्या टोकाला गेले, वळले आणि खाली यायला लागले. रक्षा मनात उजळणी करत होती. नट आवळला होता ना? आवळला होता. नटाचा खिळा घातला होता ना? घातला होता, दिपालीनं बघितला होता. गाडीनं वेग धरला. हातगाडीजवळच्या एका बाईनं मागं बघितलं आणि टोपली उचलली.

बाबांनी मूठ दाबली.

गाडीनं नाक खाली घातलं, जसं बैल पाण्याला वाकतो तसं, आणि ती थांबली. हातगाडीपासून चांगली लांब. बाबांचा चष्मा मात्र थांबला नाही, तो टाकीवर जाऊन पडला.

बाबांनी चष्मा उचलला. घातला. मुठीकडे बघितलं. मग कोणी काही सांगितलेलं नसताना ते पुन्हा वर गेले, वळले, आणि पुन्हा खाली आले. दुसऱ्या खेपेला जरा जास्तच वेगात. टोपलीवाली बाई या वेळी हललीही नाही.

“गेला टेम्पो रिकामा,” ताराचंद पुटपुटला.

बाबा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा रक्षानं आधी कधी न बघितलेला होता. ते सेठला म्हणाले, “सेठ, पूजा होऊ द्या आधी. मंग पाहू.” सेठनं घड्याळ बघितलं, पण दसऱ्याच्या दिवशी पूजेला नाही कोण म्हणणार?

आईनं ताट आणलं. कुंकू, हळद, फुलं, आणि ती पितळेची वाटी, जवसाच्या तेलानं काठोकाठ. बाबांनी गाडीला पाणी दाखवलं, दिव्यावर कुंकवाचं बोट ओढलं, हार घातला. मग त्यांनी वाटी उचलली आणि पुढच्या चाकापाशी खाली बसले. आबाजी बसायचे तसेच, एक गुडघा टेकून.

रक्षानं खळग्यावर आपला तळहात ठेवला.

“हात काढ,” बाबा म्हणाले.

“नाई काढत.”

“रक्षे, सगळे पाहून राह्यले.”

“पाहू द्या.” तिचा आवाज पहिल्या शब्दाला चिरकला, दुसऱ्याला सरळ झाला. “हे तेल आत जाते, बाबा. थेट ब्रेकात. तिथं वाळून काच होते. आपल्या फळीवर होते तशी. ताराचंदकाका दरसाल वायर आवळते अन् आपण दरसाल तेल पाजतो. गाडी म्हातारी नाई झाली. आपणच तिले निसरडी केली.” तिनं दुसऱ्या हातानं ओढणीत बांधलेला जुना शू काढून त्यांच्यापुढं धरला. “वास घ्या.”

बाबांनी वास घेतला. तेलाच्या घरातल्या माणसाला दुसऱ्यांदा घ्यावा लागला नाही.

“मी चाक कधी उघडलंच नाई,” ताराचंद मागून म्हणाला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

“म्हणजे आबाजी चुकले, असं म्हणतं तू?” बाबांचा आवाज खाली गेला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. “त्यायनं दिलेली वाटी होय ही. माह्या हातात. खाटेवरून.”

आईनं डोळ्यांनी खुणावलं, पुरे. मागच्या वर्षीची रक्षा असती तर तिथंच पोत्यांमागं गेली असती.

“हाव, चुकले,” ती म्हणाली. “लेकरू समजून बेंबीत तेल घातलं. लय जीव होता त्यायचा हिच्यावर. पण हिले बेंबी नाई, बाबा, ब्रेक आहे. आबाजी तेल घालत तवा मी याच टाकीवर बसून राह्यत होती. ब्रेक नाई लागला असता तर पहिले मीच संत्र्यात गेली असती. त्यायले कोणी सांगतलं असतं तर त्यायनं घातलं असतं काय? सांगा.”

वाटी त्यांच्या हातात कलली आणि तेलाचा एक थेंब काठावरून ओघळून तिच्या मनगटावर पडला. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला.

रक्षानं त्यांच्या हातातून वाटी घेतली. हिसकावली नाही, घेतली, आणि त्यांनी ती सोडली. ती उठली, घराच्या उंबऱ्यापाशी गेली आणि दोन्ही बाजूंना, घरी येणाऱ्याच्या स्वागताला सोडतात तशी, तेलाची धार सोडली, सावकाश, दगडात जिरेपर्यंत. मग रिकामी वाटी छातीशी धरून वळली. गजेंद्रसेठ तोंड उघडून उभा होता, प्रेरणाचा पोह्यांचा घास हातातच राहिला होता. पण रक्षा बोलली ती फक्त बाबांकडे आणि आईकडे बघून.

“या घरी ज्याची गाडी तोच वाटी धरते. आज मी धरली. गाडी ढाब्यावर जाणार नाई. लायसन निंगत नाई तवरक बाबा चालवन, मी मागं बशीन, अन् दरसाल चाक मी उघडीन. आई, बाबा, मी तुमाले विचारून नाई राह्यली. सांगून राह्यली.”